अडीच किलोचं बाळ

कॅमेरा आरामात न्यायची फोटोवाल्यांची चाळीस वर्षांची पद्धत एकच होती: तो बायकोच्या खांद्यावर असायचा. हे पुढे रिकाम्या हाताने, ती मागे तो अडीच किलोचा ठोकळा घेऊन. यांनी न बघता हात मागे केला की कॅमेरा हातात. "संसार तुमचा याच्याशी," ती म्हणायची. "मी आपली हमाल."

ती जाऊन वर्ष झालं. कॅमेऱ्यात अजून तेव्हाचाच रोल होता, बारा फोटोंचा. तिचे शेवटचे फोटो त्यातच. यांच्या आठवणीप्रमाणे दोन फोटो शिल्लक होते, पण कॅमेऱ्याच्या आकड्याप्रमाणे एकच. "म्हातारा झालास, चुकतोस," असं ते कॅमेऱ्याला म्हणाले. तो उरलेला फोटो कशाचा काढावा हे वर्षभर ठरलं नाही. मग लॅबवाल्याचा फोन आला. "शनिवारी दोन वाजता लॅब बंद करतोय. कायमची. रोल त्याच्या आत आणा, लगेच धुऊन देतो."

तेव्हा ठरलं. वाटेत तळ्याकाठी उतरायचं, ती बसायची त्या बाकाचा फोटो काढायचा आणि तसंच लॅबवर जायचं.

पण न्यायचा कसा? गळ्यात अडकवला तर मान वर होईना. खांद्यावरून तिरपा घेतला तर पावलागणिक बरगडीत ठोसा. कमरेच्या पट्ट्याला लावला, तर कॅमेरा जागेवर राहिला आणि पँट खाली आली. शेवटी मुलीने नातवाची, छातीशी बांधायची झोळी आणून दिली.

"बाबा, ही घाला. वजन दोन्ही खांद्यांवर येतं. तो आता मावत नाही यात."

खरंच हलकं वाटलं. धूळ नको म्हणून त्यांनी वरून बायकोची शाल गुंडाळली आणि शनिवारी दुपारी बस पकडली.

"अहो, आजोबांकडे तान्हं बाळ आहे!" एक जाडजूड बाई उठल्याच. "बसा इथे."

पाठ दुखत होती. फोटोवाले बसले, आणि गप्प बसले. चूक झाली ती तिथेच.

"वजन किती हो?" बाईंनी विचारलं.

"अडीच किलो." हे उत्तर मात्र चोख होतं.

"अगं बाई, काहीच नाही की! तोंड तरी बघू द्या."

"नको, नको! उघडू नका! आत उजेड लागला तर सगळं संपेल!"

पुढे केलेला हात बाईंनी चटकन मागे घेतला.

"आणि आई कुठंय?" बाईंनी हळूच विचारलं.

घरात मुलगी हाक मारायची ती 'आई' एकच. फोटोवाल्यांच्या तोंडून निघून गेलं, "ती गेली. वर्ष झालं."

आई जाऊन वर्ष आणि बाळ अडीच किलोचं, हे गणित कुणीच केलं नाही. सगळ्यांचे डोळे भरून आले. मागच्या सीटवरून एक नर्स पुढे आली. उजेड लागू न देता तिने शालीखाली हात घातला आणि किंचाळली, "अंग बर्फासारखं गार आहे! आणि कडक! ड्रायव्हर, दवाखान्यात घ्या!"

"अहो ऐका, तो कॅमेरा आहे!"

"धक्का बसलाय त्यांना," नर्स म्हणाली. "माणसं असं काहीही बोलतात."

तळं मागे पडलं. बाकही मागे पडला. फोटोवाल्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वा वाजून गेला होता. दवाखान्याच्या दारातच डॉक्टर आणि अर्धी बस त्यांच्याभोवती जमली.

"डॉक्टर, शाल काढा, पण मागचं झाकण उघडू नका. पाया पडतो तुमच्या!"

शाल निघाली.

"या डब्यासाठी मी उभी राहिले?" बाई कडाडल्या.

"खोटं नाही बोललो मी," फोटोवाले म्हणाले. "पण खरं बोलायला उशीर केला. यात माझ्या बायकोचे शेवटचे फोटो आहेत. धुणारा दोनला दुकान बंद करतोय. कायमचं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "वीस मिनिटं आहेत. ड्रायव्हर, बघता काय? चला! आणि तुम्ही, द्या तो इकडे. पाठ बघा कशी वाकलीये."

लॅबच्या दारात बस थांबली तेव्हा दोनला पाच कमी होते. रोल संपवल्याशिवाय काढायला त्यांचं मन घेईना आणि बाक तर राहिला चार मैल मागे. "आमचाच काढा की!" ड्रायव्हर म्हणाला. बसची माणसं ओळीने उभी राहिली. सवयीने फोटोवाल्यांनी न बघता हात मागे केला.

कॅमेरा हातात आला.

त्यांनी जरा वेळ डोळे पुसले, तेवढ्यात नर्सने केस नीट केले, आणि मागे उभ्या बाईंना ओळीत ढकलून फोटोवाल्यांनी बारावा फोटो काढला.

लॅबवाल्याने शेवटचं गिऱ्हाईक म्हणून लगेच प्रिंटही काढून दिल्या. दहा तिच्या. बारावी बसवाल्यांची. अकरावी हातात घेऊन मात्र फोटोवाले बघतच राहिले. तळ्याकाठचा बाक, जरा तिरपा. बाकावर ते स्वतः, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. कॅमेऱ्याची रिकामी पिशवी बाळासारखी छातीशी घट्ट धरलेली, आणि वरून कुणीतरी हीच शाल पांघरलेली.

म्हणजे कॅमेरा चुकला नव्हता.

"हा कुणी काढला?" लॅबवाल्याने विचारलं.

"आमच्या हमालानं," फोटोवाले म्हणाले.