आधी कूळ, मग औषध

देवधर सर शुद्ध शाकाहारी. तरी दर रविवारी दिघीच्या मासळीबाजारात जाऊन माशांचे कल्ले उघडून बघतात. घेणार काही नाहीत! मासेवाल्या मावशी ओरडतात, “ओ सर, डॉक्टर हाय का तुमी त्याचे?” सर मान वर न करता म्हणतात, “डोळे ठीक आहेत. कल्ल्यांची जरा शंका येतेय.” झालं, मागचं गिऱ्हाईक पसार.

हे माझे शेजारी. आकुर्डीच्या एका प्रयोगशाळेत माशांना आजारी पाडणारे जिवाणू ओळखतात. सूक्ष्मदर्शकाखाली बरेचसे सारखेच दिसतात म्हणे, म्हणून त्यांची जनुकं अक्षर-अक्षर वाचायची आणि कोण कुठल्या घराण्यातला ते ठरवायचं. एवढं त्यांनी मला लिफ्टचं दार पायाने अडवून समजावलं. माझी कंपनीची बस गेली, राव.

एकदा चाकणकडचा एक शेततळेवाला त्यांच्या दारात आला, हातात मेलेल्या माशांचा डबा.

“सायब, मासं मराया लागल्यात. काय बी औषध द्या.”

“आधी कूळ, मग औषध.” हे सरांचं पालुपद. “गेल्या वर्षीचंच औषध ओतलंत ना? रोग दिसतो तसाच, पण जिवाणूचं घराणं वेगळं असणार.”

“अवो, मला काय त्येच्याशी सोयरीक करायचीय व्हय?”

पण रिपोर्ट आला, घराणं खरंच वेगळं निघालं, औषध बदललं, उरलेले मासे वाचले. गडी खुशीने भलाथोरला रोहू घेऊन आला. सरांनी कल्ले तपासून तो आमच्याकडे पाठवला.

परवा दुपारी मी शिफ्टला निघालो, तर सर दारात. “जरा येता का?”

देवधर वहिनी गेल्याला वर्ष होईल. त्यांनी पाळलेला सोनेरी मासा, सोनी, काचेच्या टाकीत तळाशी कलंडला होता. मी सवयीने चेष्टा केली, “सर, घ्या नमुना. आधी कूळ...”

सरांच्या हातात नमुना घ्यायची कापसाची काडी होती. ती पाण्यापर्यंत नेऊन ते परत मागे घेत होते.

“धरलं की तडफडते हो. मला नाही जमत.” त्यांनी काडी ठेवली आणि पाण्यात चिमूटभर मीठ सोडलं. “तुमची वहिनी असंच करायची. मी हसायचो तिला.”

मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

“घरी आल्यावर मी सोनीशीच बोलतो. दुसरं आहे कोण?” सर टाकीकडे बघत म्हणाले. “कूळबीळ राहू द्या. आधी जगू दे हिला.”

खाली बसचा हॉर्न वाजला. मी खुर्ची ओढली आणि सरांशेजारी बसलो.