खासनीसांचा सारखा संशय

खासनीस साहेब चहा फूटपट्टीने मोजतात. गंमत म्हणून नाही. काचेचे कप टेबलावर आले की ते शर्टाच्या खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढतात, एकेका कपाला बाहेरून लावतात, आणि कुठे चहा काठापासून दोन रेषा जास्त खाली दिसला तर जयंतीभाईंना परत बोलावतात. "जयंतीभाई, आ बाजु ओछी छे." आमचे साठीचे शिपाई जयंतीभाई किटली वाकवतात. त्यांना सवय झाली आहे. एकदा बशीतल्या एका बिस्किटाचा कोपरा तुटलेला निघाला, तेव्हा साहेबांनी समोरच्या बशीतल्या बिस्किटाचाही कोपरा मोडला, आणि मगच वकिलांना आत सोडलं.

आमचं ऑफिस म्हणजे लवाद केंद्र. सुरतचा व्यापारी आणि परदेशातला व्यापारी यांचं बिनसलं की दोघांनाही एकमेकांच्या देशातल्या कोर्टाची खात्री नसते. म्हणून करारातच लिहून ठेवलेलं असतं की भांडण झालंच तर ते अमुक केंद्रात लवादापुढे न्यायचं. लवाद म्हणजे दोघांना चालेल असा पंच. निवाडा तो देतो, आम्ही नाही. आम्ही पंच नेमायला मदत करतो, तारखा लावतो, खोली देतो, कागद सांभाळतो, आणि एका बाजूला झुकतं माप मिळतंय असं दुसरीला वाटू नये एवढं बघतो. नियमावलीत या शेवटच्या कामाला एकच ओळ आहे. साहेबांनी त्या ओळीशी संसार मांडलाय.

ते आमचे निबंधक. आधी बरीच वर्षं कोर्टात नाझर होते, म्हणजे जप्तीचा माल आणि पैसे सांभाळणारे. तिथून निवृत्त होऊन इकडे आले ते संशय बरोबर घेऊनच. सुनावणीच्या खोलीतला एसी एकाच बाजूवर जास्त वारा टाकतो असा त्यांना संशय, म्हणून जेवणानंतर दोन्ही बाजूंनी जागा बदलायच्या. एका वकिलाची खुर्ची उंच वाटली म्हणून त्यांनी ती उलटी करून चारही पाय मोजले. लॉबीत दोन सुरती माणसं "आजे गरमी बहु छे" म्हणाली तरी साहेब तिथे जाऊन उभे राहतात. समोर परदेशी पाहुणा बसलाय, त्याला न कळणाऱ्या भाषेत हवामानसुद्धा बोलायचं नाही.

चांदनी पडव्याला, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, एका व्यापाऱ्याने सगळ्या स्टाफसाठी घारीचा, इथल्या तुपाळ मिठाईचा, डबा पाठवला. त्याचं एक प्रकरण आमच्याकडे चालू होतं. साहेबांनी डब्याला दोरा बांधला, आवक रजिस्टरात नोंद केली, वर चिठ्ठी डकवली, आणि पोच घेऊन डबा परत पाठवला. तेवढ्या वेळात तूप झिरपून रजिस्टरची चार पानं पारदर्शक झाली. जयंतीभाई अजून ती पानं हुंगून बघतात.

हे सगळं बघून मी एकदा विचारलं होतं, "साहेब, तुम्हाला कुणावरच विश्वास नाही का?"

"बागुलबाई," ते म्हणाले, "एकावर संशय घेतला तर तो अन्याय. मी सगळ्यांवर सारखा घेतो."

माझ्यावरही घेतला होता, अगदी मुलाखतीपासून. मी सुरतच्याच गोडादऱ्याची. वडील खानदेशातून इथल्या कापडाच्या कामाला आले आणि इथेच राहिले. घरात आम्ही अहिराणी बोलतो, दाराबाहेर गुजराती. टेबल-खुर्चीची नोकरी मिळालेली आमच्या घरातली मी पहिली. साहेबांनी मला टायपिंग विचारलं नाही, इंग्रजी विचारलं नाही. काका कुठे कामाला, मामा कुठे, आत्याचे यजमान काय करतात, हे विचारलं. "जे असेल ते उघड करा. उघड केलेलं नडत नाही, झाकलेलं नडतं." हे वाक्य पुढच्या तीन वर्षांत मी इतक्यांदा ऐकलं की झोपेत म्हणाले असते.

आणि तरी मी झाकलं.

झालं असं. इस्तंबूलच्या एका खरेदीदाराने आपल्याकडच्या एका मिलकडून ओढण्यांचं कापड मागवलं होतं, पिस्ता रंगात. माल पोचल्यावर तो म्हणाला, हा पिस्ता नाही, हा शेवाळी आहे. मिल म्हणाली, नमुना दिला तोच रंग दिलाय. प्रकरण आमच्याकडे आलं. दोन्ही बाजूंनी मूळ नमुन्याचा एकेक तुकडा पाकिटात बंद करून दिला. खरेदीदाराच्या पाकिटावर चिकटपट्टी होती, मिलच्या पाकिटावर लाखेचं सील. दोन्ही पाकिटं आमच्या दोन कुलपांच्या कपाटात गेली. एक किल्ली साहेबांकडे, दुसरी माझ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय कपाट उघडत नाही.

त्या गुरुवारी मी फाइलला पानांचे नंबर घालत होते. मिलचं कागदोपत्री नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं, घरी आम्ही तिला नुसतं कडोदऱ्याची मिल म्हणतो. पण एका पानावर मिलच्या फाटकाचा फोटो होता. फाटकाला लागून लिंबाचं झाड, झाडाखाली पाण्याची निळी टाकी. कडोदऱ्याचं ते फाटक मी लहानपणापासून बघत आलेय. तिथे माझे वडील रंगखात्यात काम करतात. त्या कापडाला रंग देणाऱ्या हातांत त्यांचेही हात असणार.

मी उठून साहेबांच्या टेबलापर्यंत गेले. त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, "स्टेपलर हवा होता."

शुक्रवारी सांगू म्हटलं, सांगितलं नाही. शनिवारीही नाही. मनात एकच होतं, सांगितलं की खुर्ची गेली. रविवारी जेवण झाल्यावर वडिलांना सांगितलं, तर ते हात धुवायचे थांबले. "सांगी टाक," ते म्हणाले. "आपण काय चोरी करेल शे का?" मी ठरवलं, सोमवारी पहिलं काम तेच.

सोमवारी मी तोंड उघडायच्या आधीच साहेब म्हणाले, "चला, कपाट तपासू." दोन किल्ल्या फिरल्या. मिलच्या पाकिटावरच्या लाखेला मधोमध चीर गेली होती.

साहेबांनी पाकिटाला हात लावला नाही. चष्मा पुसला, परत घातला, वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "उघड करायचं काही राहिलंय का?"

मी सगळं सांगितलं. फाटक, लिंबाचं झाड, वडील, गुरुवार. माझ्याच कानांना ते खोटं वाटत होतं. आता कोण विश्वास ठेवणार होतं की मी आज सांगणारच होते?

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "गुरुवारी सांगितलं असतं तर एक ओळ झाली असती," ते म्हणाले. "तुम्हाला दुसऱ्या फाइलवर बसवलं असतं, बस. आता पान होईल." माझी किल्ली घेतली आणि किल्ली मिळाल्याची पोच लिहून दिली. "नीताबेनचा फोन येईपर्यंत ऑफिसला येऊ नका." नीताबेन आमच्या केंद्राच्या सचिव. आवाज न चढवता साहेब परत कपाटाकडे वळले. मला वाटलं, निदान रागावायचं तरी होतं.

आठ दिवस मी घरी बसले. त्या आठ दिवसांत संशय मलाही लागला. साहेबांना माझ्या जागेवर दुसरं कुणी आणायचं असेल का? शनिवारी दोघांनी कपाट उघडलं तेव्हाच ती चीर त्यांच्या लक्षात आली असेल आणि मला पकडायचं म्हणून ते गप्प बसले असतील का? तीन वर्षं दुपारी समोरासमोर डबा खाल्ला, एका शब्दाने घरचं बोलले नाहीत. अशा माणसाचा काय भरवसा? वडिलांचीही झोप उडाली होती. मिलमध्ये कळलं तर त्यांच्यावरही बालंट येणार होतं. आई दोघांच्याही ताटात न मागता वाढायची.

मंगळवारी फोन आला. ऑफिसला गेले, तर नीताबेननी मला समोर बसवलं. साहेब त्या दिवशी रजेवर होते, आणि हे मला आणखीच वाईट लक्षण वाटलं.

"खासनीसभाईनी रिपोर्ट दिलाय," त्या म्हणाल्या आणि दोन कागद पुढे सरकवले. "दोन्ही वाचा."

कागद इंग्रजीत होते. पहिल्यावर माझी चूक कलमवार मांडलेली होती. चार दिवस माहिती दडवली, कारण भीती, कारण पुरेसं नाही. कुठे मऊ शब्द नाही. खाली लाखेबद्दल लिहिलं होतं. बाजारातून तसलीच लाख आणून साहेबांनी मधल्या शनिवारी एका कोऱ्या पाकिटाला सील केलं आणि त्याच कपाटात ठेवलं. रविवारी एसी बंद असतो, कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे, ती उन्हाने तापते. सोमवारी कोऱ्या पाकिटाच्या सीललाही तशीच चीर गेलेली होती. पुढे एक ओळ होती: हा प्रयोग मी एकट्याने केला असल्यामुळे तोही संशयास्पद धरावा.

मला हसू आलं, आणि ते आवरायला मी दुसरा कागद उचलला.

त्यावर वर माझं नाव नव्हतं, त्यांचं होतं. मराठीत सांगायचं तर असं लिहिलं होतं: "या चौकशीत मी निर्णय देऊ नये. श्रीमती बागुल यांच्याविषयी माझं मन तटस्थ नाही. गेली तीन वर्षं दुपारचं जेवण आम्ही एकत्र घेतो. त्या रजेवर असल्या की मी डबा तसाच परत नेतो. त्यांच्या वडिलांना ताप आला तेव्हा मला काम सुचलं नाही. मला मुलगी नाही, त्यामुळे ही भावना नेमकी कोणती हे मला खात्रीने सांगता येत नाही. पण ती आहे, आणि ती माझ्याकडून उघड व्हायला हवी."

खाली सही, तारीख, आणि कोर्टातल्या सवयीने पानाच्या समासातही सही.

नीताबेन खिडकीबाहेर बघत होत्या. माझं वाचून झालं तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "निर्णय मी घेणार. तुम्हाला लेखी ताकीद मिळेल. या केसला हात लावायचा नाही. दोन्ही बाजूंना सगळं कळवलंय, कुणाचा वांधा नाही." पुढे सुनावणीत लवादांनी सगळ्यांसमोर मिलचं पाकीट उघडलं. नमुन्याच्या कोपऱ्यावर करारावेळी दोन्ही बाजूंनी केलेल्या सह्या जशाच्या तशा होत्या. सीलचा विषय तिथेच संपला.

निवाडा गोपनीय असतो. मला तो माहीत नाही आणि साहेब तो मरेपर्यंत सांगणार नाहीत. एवढंच सांगते की दोनेक महिन्यांनी कडोदऱ्याच्या मिलमध्ये पुन्हा पिस्ता रंग लागला, आणि माझे वडील रोज हिरवी नखं घेऊन घरी यायला लागले.

साहेबांनी त्या दुसऱ्या कागदाचा विषय काढला नाही. मीही नाही. पण प्रकरण बंद झाल्याचा शिक्का बसला त्या दिवशी मी त्यांना रविवारी घरी जेवायला बोलावलं. त्यांनी फाइल मागवली, शिक्का स्वतः बघितला, वडिलांच्या मिलचं दुसरं काही आपल्याकडे नाही याची खात्री केली, आणि म्हणाले, "येतो."

रविवारी ते दोन बस बदलून गोडादऱ्याला आले. इस्त्रीचा शर्ट, रिकामे हात. भेटवस्तू आणायची की नाही यावर त्यांनी बराच विचार केला असावा. आधी ते खुर्चीच्या टोकावर बसले होते. मग वडिलांनी त्यांना रंगाचं सांगायला घेतलं, की एकच कापड ट्यूबखाली वेगळं दिसतं आणि उन्हात वेगळं, तेव्हा ते हळूहळू मागे टेकले. आईने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं. ते मान खाली घालून जेवत होते.

आईने सरळ विचारलं, "भाऊ, घरमा कोन कोन शे?"

"मोठी बहीण होती," साहेब म्हणाले. "ती गेल्याला सहा वर्षं झाली. आता मीच." मग भाकरी मोडत, "कोर्टात असताना कुणाकडे जाणं बरं दिसत नव्हतं. नंतर कुणी बोलावायचं राहिलं नाही."

आईने त्यांच्या ताटात भरीत वाढलं. "मंग दर रईवारले आठेच, आमना घर, जेवाले येत जा."

साहेबांचा हात ताटातच थांबला. त्यांनी आईकडे बघितलं, मग वडिलांकडे, मग माझ्याकडे. प्रत्येकाकडे थोडा वेळ, एकाकडे कमी नाही, एकाकडे जास्त नाही.

"यावर कुणाची हरकत?" त्यांनी विचारलं.

आवाज सुनावणीतलाच होता. कुणाची हरकत आली नाही. त्यांनी आणखी थोडं थांबून बघितलं, आणि मग आईने पुढे केलेली दुसरी भाकरी घेतली.