क्रमांक नसलेले प्लग

दुरुस्ती मंजुरी कक्षाच्या प्रमुखांनी आपल्या गाडीचे स्पार्क प्लग स्वतःच्या हाताने बदलायचे ठरवले, आणि तो निर्णय सकाळच्या चहाच्या वेळी घरात रीतसर जाहीर केला.

खात्यातल्या गाड्यांची दुरुस्ती होऊ द्यायची की नाही, हे साहेबांचा कक्ष ठरवत असे. इतक्या वर्षांत त्यांनी एवढ्या दुरुस्त्या नाकारल्या होत्या की यंत्रांचा आपल्याला दांडगा अनुभव आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती. घरची गाडी टर्बो इंजिनाची, उंच चाकांची, खडक, वाळू, नदीनाले असे काहीही तुडवत जाणारी. आजवर तिने घर ते कार्यालय एवढेच तुडवले होते. वाटेत एक गतिरोधक लागे. त्यावरून जाताना साहेब ताठ बसत.

अलीकडे या गाडीला चढावर उचक्या लागत होत्या. एरवी ते खपून गेले असते, पण साहेबांचे सासरे डोंगरावरच्या वस्तीत एकटे राहत आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख मिळता मिळता वर्ष गेले होते. तारीख सोमवारची होती. रविवारी त्यांना खाली आणायचे, नाहीतर पुन्हा रांगेच्या शेपटाला उभे राहायचे.

"अहो, कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे द्या ना," बायको म्हणाली. "शनिवारी दुपारपर्यंत करून देतो म्हणालाय."

"मेकॅनिक काय, कोणाच्याही गाडीला हात लावतो. आपल्या गाडीला आपला हात लागला पाहिजे."

"मागच्या महिन्यात मिक्सरला लागला होता आपला हात."

"मिक्सरला टर्बो नव्हता," साहेब म्हणाले आणि विषय संपला.

आपल्या हाताचे ते वाक्य मुळात साहेबांचे नव्हते. ते 'चिखलवीर' या मोबाइलवरच्या गटाचे ब्रीद होते. दणकट गाड्यांचे मालक या गटात होते आणि शहरात चिखल सहसा मिळत नसल्याने ते कुंडीतली माती कालवून चाकांना लावत आणि फोटो टाकत. गटाच्या म्होरक्याला सगळे कमांडर म्हणत. त्यांचे पडद्यांचे दुकान होते. साहेबांनी मनोदय कळवताच कमांडर उत्तरले, "मी स्वतः येतो. चित्रीकरण झालं पाहिजे. लोकांना कळू दे."

शनिवारी सकाळी इंजिन थंडगार असताना कामाला सुरुवात झाली. कमांडरनी फोन तिकाटण्यावर चढवला. साहेबांनी इंजिनावरचे झाकण काढले, टर्बोचा जाड पाइप बाजूला केला, प्रत्येक प्लगवरची कॉइल उपसली आणि लांब प्लगपान्याने चारही प्लग बाहेर काढले. खरे सांगायचे तर इथवर त्यांनी काम छान केले. माणूस हुशारच होता, उगाच कक्षप्रमुख झाला नव्हता.

पण हात त्यांचे असले तरी सवय कक्षाची होती. काढलेली प्रत्येक वस्तू त्यांनी जुन्या चादरीवर मांडली आणि तिला क्रमांकाचे स्टिकर लावले. चारही प्लग एक ते चार असे ओळीत झोपले. साहेबांनी चष्मा सावरून त्यांची तपासणी केली.

"टोकं झिजलेली. वर्ण काळा," ते कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले.

"एकदम काळा," कमांडरनी अनुमोदन दिले.

मग बसवण्याची वेळ आली. पहिल्या जागी काय बसवायचे? साहेबांनी चादरीवर नजर टाकली. तिथे क्रमांक एक लिहिलेला प्लग होता. नवे प्लग डब्यात चकाकत होते, पण त्यांच्यावर क्रमांक नव्हता, आणि क्रमांक नसलेली वस्तू साहेबांच्या कक्षात कधी कुठे लागली नव्हती. तपासणी संपली की वस्तू मूळ जागी, हा नियम त्यांच्या मनगटात भिनलेला. एक नंबरचा प्लग पहिल्या जागी गेला, दोन नंबरचा दुसऱ्या. आधी बोटांनी फिरवून, मग ठरलेल्या ताकदीइतका पाना आवळून, अगदी पुस्तकात असते तसे. नव्या प्लगांचा डबा झाकण लावून हत्यारांच्या पेटीत गेला.

कॉलनीभोवती एक फेरी झाली. "काय दम आलाय!" कमांडर सीटवर उडून म्हणाले. वरच्या मजल्यावरचे शेजारी खास गॅलरीत येऊन म्हणाले, "आवाजच बदलला हो." बायकोसुद्धा म्हणाली, "खरंच, उचकी नाही लागली." कॉलनीचा रस्ता सपाट होता, हे कोणी लक्षात घेतले नाही. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गटात, गटातून दुसऱ्या गटांत आणि तिथून सगळीकडे गेला. रात्री जेवताना साहेब दोन घास जास्त जेवले.

रविवारी घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडीला उचकी लागली. मग ठसका लागला. टर्बो जोरात हवा कोंबू लागला की झिजलेल्या प्लगची ठिणगी विझते, इतके साधे होते ते. तिसऱ्या वळणावर गाडी थांबली ती थांबलीच.

"अहो, प्लग बदललेत ना?"

"शंका आहे का?"

"मला नाही. गाडीला आहे."

साहेबांनी मागचे दार उघडून हत्यारांची पेटी काढली, आणि वरच तो डबा दिसला. त्यांनी झाकण उघडले. चार प्लग, कोरे, लख्ख. त्यांना सगळे कळले, आणि आपल्याला कळले आहे हे दुसऱ्या कोणाला कळू नये, एवढेच त्या क्षणी त्यांना वाटले.

खरे तर पाना होता, प्लग होते, इंजिन थोडे निवले की काम करता आले असते. पण बदललेले प्लग पुन्हा बदलायचे म्हणजे काल ते बदललेच नव्हते असे मान्य करायचे. कक्षात अशी प्रकरणे आली की साहेब ठरलेला शेरा मारत: काम पूर्ण झालेले असल्याने पुन्हा करता येणार नाही. त्या शेऱ्याच्या पलीकडे उभे राहायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी कमांडरना फोन लावला.

"प्लग सोडून काहीही असेल," कमांडर ठामपणे म्हणाले. "प्लग तर माझ्या डोळ्यांदेखत बसलेत. कॅमेरा चालू करा, गटात थेट दिसू दे, अख्खा गट तुमच्यासोबत आहे."

गटाने सोबत दिली. एकाने पेट्रोलमधली भेसळ सांगितली, दुसऱ्याने डोंगरावरची विरळ हवा. घाट बांधतानाच चढ चुकला आहे, या मताला सर्वांत जास्त पाठिंबा मिळाला.

तेवढ्यात रिकामे कॅन खडखडवत दुधाचा टेम्पो वर निघाला होता. बायकोने रस्त्यात जाऊन हात दाखवला.

"मी आणते बाबांना. तुम्ही गाडी सांभाळा. आणि उद्याची तारीख चुकली ना, तर..." पुढचे ती टेम्पोत चढल्यामुळे राहून गेले.

साहेब एकटे उरले, म्हणजे गटासह. फोन बंद करून गुपचूप प्लग बदलावेत, असे मनात आले. पण एवढी माणसे रविवारची झोप मोडून सोबत देत असताना फोन बंद करणे बरे दिसले नसते. त्यांनी काच पुसली. टायरला पाय लावून पाहिला. मग डबा मांडीवर घेऊन दगडावर बसून राहिले.

टेम्पो खाली आला तेव्हा पुढच्या सीटवर बायकोच्या शेजारी सासरे होते. टेम्पो थांबला. सासऱ्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"जावईबापू, मांडीवर काय आहे?"

"जुने प्लग, बाबा."

"दोन वर्षं झाली, मला तुमचं तोंडसुद्धा धड दिसत नाही. पण हे चकाकतायत, एवढं दिसतंय."

"पुसून ठेवलेत."

बायकोने डब्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. ती ओरडली असती तर बरे झाले असते. "चला दादा, उशीर होतोय," ती ड्रायव्हरला म्हणाली. टेम्पो वळणाआड गेला आणि साहेबांना लहानपणी घरचे शाळेतच विसरून गेल्यासारखे रडू आले. कॅमेरा चालू असल्याने त्यांनी ते घाम म्हणून पुसले.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली, छान झाली. पट्टी निघाल्यावर सासऱ्यांनी जावयाचा व्हिडिओ मागवून घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. त्यात लपवलेले काही नाही. भर उजेडात काळे प्लग बाहेर येतात, त्याच उजेडात तेच आत जातात. "अहो, पण हे तर तेच!" सासरे म्हणाले. एवढ्या लोकांत असे म्हणणारे ते एकटेच निघाले. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस असे होते, अशी गटाने त्यांची समजूत घातली.

बाकी हजारोंनी व्हिडिओला पसंतीचा अंगठा दिला आणि त्याच पद्धतीने आपापले प्लग बदलून घेतले. त्या अंगठ्यांत एक तुमचाही आहे. घाईत होता, शेवटपर्यंत पाहायला वेळ नव्हता, हे समजू शकते. तेव्हापासून गाडी एकदम हलकी चालते, असेही तुम्हीच लिहिले आहे.