सुळ्याचं तुटकं टोक

शनिवारी सकाळी ऑफिसला निघताना, दारात बूट घालता घालता, हेडक्लार्क एक वाक्य बोलून गेले. ते बोलले नसते तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

"टोक तेवढं शाबूत असतं ना, तर बहार आली असती!"

टोक म्हणजे डायनासोरच्या दाताचं. मांसाहारी डायनासोरचा अस्सल सुळा. बोटभर लांब, तपकिरी, अंगावर बारीक भेगा आणि टोकाचा टवका उडालेला. एका म्हाताऱ्या संग्राहकाच्या घरी सात चकरा मारून हेडक्लार्कनी तो मिळवला होता. (दिवाणखान्यातला सोफा यंदाही बदलला नाही तो यामुळेच. पण तो विषय घरात कुणी काढत नाही.)

एवढा आटापिटा कशासाठी, तर जीवाश्म संग्राहक मंडळाचं सभासद होण्यासाठी. तिथे नियम कडक. मंडळाच्या परीक्षकाने अस्सल ठरवलेली एक तरी वस्तू जवळ हवी. हेडक्लार्क तीन वर्षं नुसते पाहुणे म्हणून सभांना जात होते आणि पाहुणा रिकामा का बसवायचा म्हणून मंडळ त्यांच्याकडून खुर्च्या मांडून घेत होतं. गेल्या सभेत तर अध्यक्ष भर माईकवर त्यांना "आपले खुर्चीवाले" म्हणाले. सगळे हसले, तेही हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत.

आता रविवारी सकाळी दहाला परीक्षक दात बघायला घरी येणार होते. भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गळ्यात कायम भिंग लटकलेलं, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणत.

राहिली बायको. ती अठरा वर्षं कवळ्या बनवण्याच्या लॅबमध्ये कामाला. बोलणं कमी, हात सोन्याचा. नवऱ्याचं दारातलं वाक्य तिनं ऐकलं आणि दाताची डबी गुपचूप पर्समध्ये टाकली.

रविवारी नऊ वाजता हेडक्लार्कनी डबी उघडली.

"अगं, माझा दात कुठंय?"

"तोच आहे."

"हा? हा तर पांढराशुभ्र आहे!"

"पॉलिश केलाय. भेगा भरल्या, टोक बसवलं. शेड मिळता मिळत नव्हती हो. शेवटी एका आजोबांच्या कवळीची चालली."

हेडक्लार्क मटकन खाली बसले. "सात कोटी वर्षं मातीत राहून ज्याचं काही बिघडलं नाही, त्याची तू एका दिवसात वाट लावलीस!"

"वाट? चकाकतोय बघा कसा!"

"चकाकायला नकोय तो! जुना दिसायला हवाय! एवढी साधी अक्कल नाही तुला?"

बायकोचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुम्हाला आवडेल," एवढंच म्हणून ती आत गेली. हेडक्लार्कना स्वतःची लाज वाटली. पण घड्याळात सव्वानऊ झाले होते, तेव्हा लाज त्यांनी दुपारवर ढकलली.

टोक काढून टाकता येईल का, हे त्यांनी दारातूनच विचारून पाहिलं. "माझं काम निघत नाही," आतून ठसक्यात उत्तर आलं. मग उपाय एकच उरला. पांढरा केलेला दात पुन्हा जुना करायचा. त्यांनी चहाची पावडर उकळून दात त्यात बुडवला. मग गॅलरीतल्या कुंडीतली माती चोळली, वर बुटाचा ब्रश फिरवला. पावणेदहापर्यंत दाताला रंग आला खरा, पण तो दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्या माणसाच्या दाताचा.

भिंगकाका पाच मिनिटं आधीच आले. दात उचलला, भिंग लावलं, मग नाकाशी नेला.

"उकळत्या चहात बुडवलाय. नकली दात जुना दाखवायची ही फार जुनी युक्ती आहे. आणि हे टोक तर कवळीच्या मसाल्याचं!"

बायको दारात उभी होती. "ते मी…" तिनं तोंड उघडलं.

"मी केलं ते!" हेडक्लार्क जवळजवळ ओरडलेच. सकाळीच ती एकदा बोलणी खाऊन बसली होती, आता परक्या माणसाकडून आणखी नकोत. "तिचा काही संबंध नाही. दात अस्सल आहे हो, टोक तेवढं मी बसवलंय."

"अस्सल आहे असं सगळेच म्हणतात. सभासदत्व विसरा." भिंगकाकांनी पुन्हा भिंग लावलं. "पण हे टोक तुम्ही हातानं केलंत? काय कारागिरी आहे! पुढच्या रविवारी आपलं प्रदर्शन आहे. नकली दात कसे बनवतात ते तुम्ही लोकांसमोर करून दाखवायचं. नाही म्हणायचं नाही."

(ज्या माणसानं घरात ठोकलेला एकही खिळा सरळ गेला नव्हता, त्याला हे आमंत्रण.)

मग आठवडाभर रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. बायको कवळीची पावडर आणि द्रव कालवून द्यायची, हेडक्लार्क आकार द्यायचे. "अहो, हलक्या हातानं! दात आहे, कणीक नव्हे!" पहिले तीन दात हातातच मोडले. चौथा वर्तमानपत्राला चिकटला आणि वर्तमानपत्र टेबलाला. बायको हसून हसून बेजार झाली, आणि रविवारचा रुसवा कुठल्या कुठे गेला. शुक्रवारी पाचवा एकदाचा हाती लागला. एका बाजूला वाकडा, दुसऱ्या बाजूला फुगलेला, वर खड्डेच खड्डे. लवकर वाळावा म्हणून गॅसवर धरल्यामुळे काळाठिक्कर.

"हा सुळा?" बायकोनं विचारलं.

"मग काय?"

"मला दाढ वाटली," ती म्हणाली आणि तिनं तो खिडकीत ठेवून दिला.

शनिवारी संध्याकाळी भिंगकाका प्रदर्शनाचा पास द्यायला आले. सर्दी झालेली, नाकाला रुमाल. पास टेबलावर ठेवताना त्यांची नजर खिडकीकडे गेली. त्यांनी तो काळा गोळा उचलला, उजेडात धरला, भिंग लावलं आणि हळूच खुर्चीत बसले.

"हा कुठून आणलात?"

"तो… घरचाच आहे."

"हे घबाड खिडकीत टाकून मला तो चहात उकळलेला दाखवलात? धन्य आहे तुमची! अहो, हा अस्सल आहे, शंभर टक्के! तुमचं सभासदत्व पक्कं!"

"काका, खरं सांगतो, हा मी माझ्या हातानं केलाय," हेडक्लार्क काकुळतीला येऊन म्हणाले. मागे बायकोनं तोंडात पदर कोंबला होता.

"मला शिकवू नका," भिंगकाका म्हणाले. "तीस वर्षं नकली दात बघतोय मी. नकली करणाऱ्याच्या हातात थोडी तरी कला असते. इतका भिकार दात माणसाच्या हातून होणं शक्यच नाही."