चामडे, किरकोळ, नग दोन

चिंचवडच्या दीपज्योत कंदील कारखान्यातून १९५६ सालच्या पौषात एकशेवीस जस्ती पत्रे नाहीसे झाले. पत्र्यांना पाय नसतात हे व्यवस्थापनाला मान्य होते. त्यामुळे दोष फाटकाला देण्यात आला, आणि फाटक खुलासा देऊ शकत नसल्यामुळे फाटकावरच्या जमादाराला देण्यात आला.

जमादाराचे नाव ज्योतीराम फडतरे, मूळ गाव खटावकडे, वय त्रेपन्न. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. वयाबरोबर त्याच्या वरच्या पापण्यांची कातडी सैल होऊन थेट बुबुळांवर उतरली होती. समोरचे पाहायचे तर हनुवटी वर करावी लागे, त्यामुळे जमादार फार तोऱ्यात असतो असा नव्या कामगारांचा समज होई. पण दिसायचे त्याला सगळे. पत्रेही दिसले होते. फाटकावरच्या वहीत त्याने स्वच्छ अक्षरात लिहिले होते: 'ट्रक एक, पत्रे एकशेवीस, जाणार मॅनेजर रेगेसाहेबांच्या बंगल्यावर, कोंबड्यांच्या खुराड्याकरिता.' शेवटचे दोन शब्द लिहायला त्याला कोणी सांगितले नव्हते.

ते वर्ष मराठीच्या नावाने सभा गाजवण्याचे होते. वारा ओळखून मालकांनीही नोटिसा मराठीत काढायचे ठरवले होते आणि त्या कामावर पळणीटकर नावाचे निवृत्त शाळामास्तर नेमले होते. तीस वर्षे निबंध तपासून मास्तरांना वाक्प्रचारांचे व्यसन जडले होते. त्यांनी मेमो लिहिला: 'पत्रे बाहेर जात असता आपण डोळ्यांवर कातडे ओढले, याचा खुलासा चोवीस तासांत करावा.'

ज्योतीरामने मेमो खोलीवर आणला आणि हनुवटी वर करून दोनदा वाचला.

"काय लिवलंय?" चुलीपुढून कौशल्याबाईने विचारले.

"माझ्या डोळ्यांवर कातडं हाय म्हनत्यात."

"हायच की! त्याला कागुद कशाला? मला इचारलं असतं तरी सांगितलं असतं."

या बोलण्याचा दुसरा अर्थ ज्योतीरामला ठाऊक नव्हता असे नाही. पण शिक्का मारलेल्या कागदावरचा शब्द शब्दाप्रमाणेच घ्यायचा असतो, अशी त्याची श्रद्धा होती. शिवाय नोकरी गेली तर कारखान्याची खोली जाणार होती, आणि धाकटी विमल यंदा मॅट्रिकला होती. म्हणून त्याने खरे तेच लिहिले: 'कातडे मी ओढलेले नाही. ते वयोमानाने आपसूक आले आहे. वडिलांनाही होते. तरी पत्रे मला दिसले.'

चौकशी समिती नेमली गेली. पत्र्यांविषयी सर्वांत जास्त माहिती रेगेसाहेबांना असल्यामुळे तेच अध्यक्ष झाले. समितीने खुलाशातली पहिली तीन वाक्ये कबुली म्हणून धरली आणि चौथे विषय सोडून असल्यामुळे गाळले. कातडे असल्याचे आरोपीला मान्य आहे, आणि ही खोड घराण्यातच आहे, असा निष्कर्ष निघाला. मात्र व्यवस्थापन दयाळू होते. जमादाराने महिन्याच्या आत सदर कातडे काढून घ्यावे, न काढल्यास नोकरीवरून काढण्यात येईल, असा हुकूम झाला.

ज्योतीराम पुण्याला गेला. सर्जनने पापणी चिमटीत धरून पाहिली.

"ही शस्त्रक्रिया मुंबईच्या नट्या तरुण दिसायला करून घेतात. तुम्हांला कशाला हवी?"

"मॅनेजरसायबांचा हुकूम हाय."

"त्यांना तुम्ही तरुण दिसायला पाहिजे?"

"न्हाई जी. मला काय दिसलं न्हाई, असं त्यांचं म्हननं हाय."

"मग कातडं वाढवायला हवं होतं," सर्जन म्हणाले आणि हात धुवायला गेले.

टाके निघाल्यावर ज्योतीराम हजर झाला, तर कातडे खरोखर निघाले याचा पुरावा मागण्यात आला. डोळ्यांकडे पाहिले की कळते, असे तो म्हणाला. पण डोळे फायलीला लावता येत नाहीत. त्याला पुन्हा पुण्याला पिटाळले. सर्जनने काढलेल्या चकत्या नशिबाने स्पिरिटच्या बाटलीत जपल्या होत्या, नखाएवढ्या दोन. बाटली घेऊन तो आला. स्टोअरकीपरने ती उजेडात धरली, कोणत्या सदरात घालावी याचा बराच विचार केला, आणि 'चामडे, किरकोळ, नग दोन' अशी नोंद करून पावती फाडली.

आता एक अडचण उभी राहिली. सर्जन कामाला चोख, त्यांनी हात राखून कापले नव्हते. ज्योतीरामचे डोळे टक्क उघडे राहू लागले. झोपेतही फट राही.

"धा वर्सं कमी झाली तुमची," कौशल्याबाई निरखून म्हणाली आणि थोडी लाजली. मग म्हणाली, "पन सारखं दचकल्यावानी दिसताय. नट्यांचे नवरे कसं काय ऱ्हात असतील!"

पंधरा दिवसांनी खुराड्याला पत्रे कमी पडले. पहिली पाळी सुटायच्या वेळी ट्रक निघाला, आत ऐंशी पत्रे, पुढच्या गाडीत खुद्द रेगेसाहेब. ज्योतीरामने सलाम ठोकला आणि साहेबांकडे पाहिले. पूर्वी तो पाही तेव्हा नजरेतले थोडेसेच पापणीखालून साहेबांपर्यंत पोहोचे. या वेळी सगळेच पोहोचले. गाडी गेल्यावर त्याने वही ओढली आणि खुराड्यासकट सगळे लिहिले.

दुसऱ्या दिवशी मेमो आला: 'आपण वरिष्ठांवर डोळे वटारले.'

ज्योतीरामने उत्तर दिले: 'डोळे मी वटारलेले नाहीत. ते समितीच्या हुकुमाने वटारले गेले आहेत.' समितीने ही दुसरी लेखी कबुली दाखल करून घेतली. हुकूम कातडे काढण्याचा होता, डोळे उघडण्याचा नव्हता, असा शेराही मारला.

तेव्हा मात्र तो हट्टाला पेटला. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला, "साक्षी घ्या. पाळी सुटली तवा ट्रक गेला. तीनशे मानसं बाजूला सरून हुबी व्हती."

साक्षी घेतल्या. प्रथम सर्वांचे डोळे तपासले. सगळ्यांचे उत्तम निघाले. मग पळणीटकर मास्तरांनी मजकूर तयार केला: 'आमच्या डोळ्यांवर कातडे नाही. आम्ही ट्रक पाहिला नाही.' रांग लागली आणि भराभर सह्या झाल्या. कुरुळीचा गेनबा पुढे आला. दोन्ही खेपांना पत्रे चढवणारा हमाल हाच, आणि आठ वर्षे दुपारची भाकरी ज्योतीरामबरोबर खाणाराही हाच.

"पत्रं तूच चढवलंस ना, गेनबा?" ज्योतीरामने विचारले.

"व्हय, चढवलं," गेनबा अंगठ्याला शाई लावत म्हणाला. "पन चढवताना बघितलं न्हाई."

ज्योतीरामला त्या क्षणी नोकरीचे नाही, गेनबाचे वाईट वाटले. फार वाईट वाटले.

तीनशे अकरा जण विरुद्ध एक असा निकाल लागला. नोकरी गेली, खोली गेली. विमलची परीक्षा तोंडावर होती, म्हणून दापोडीत एका चुलत भावाकडे आसरा घ्यायचे ठरले. निघायच्या दिवशी सगळे कामगार मदतीला आले. वाईट माणसे नव्हतीच ती. कोणी भांडी बांधली, कोणी विमलची पुस्तके सुतळीने बांधून दिली. गेनबाने ट्रंक डोक्यावर घेतली आणि बैलगाडीशी आल्यावर त्याला हुंदका आवरेना.

"लई अन्याव झाला, राव. समदं आमच्या डोळ्यांदेखत."

ज्योतीरामने त्याच्याकडे फक्त पाहिले.

"आता असं डोळं वटारून नगा बघू," गेनबा मान वळवून म्हणाला. बाकीचेही गाडीच्या चाकांकडे पाहू लागले.

तो साक्षीचा कागद पळणीटकर मास्तरांनी जपून ठेवला आहे. तीनशे अकरा नावांखाली बरीच जागा कोरी आहे. हे सगळे तुम्ही इथवर वाचलेत, तेव्हा तुमचीही साक्ष लागेल. घाबरण्यासारखे काही नाही. काही पाहिलेत का, एवढेच विचारतात. तुमच्याही माथ्यावर एखादे रेगेसाहेब असतीलच, तेव्हा सही कुठे करायची हे तुम्हांला सांगायला नको.