आत्या आणि सॅम्पल फ्लॅट

मोठ्या शहरात कसं राहावं हे आपल्याकडून शिकावं, असं बारक्याचं बारक्याबद्दल ठाम मत होतं. हे मत तो दर रविवारी फोनवरून आत्याला ऐकवायचा.

"आत्या, माझा हॉल एवढा मोठा आहे की या टोकाकडून त्या टोकाला जाताना चप्पल झिजते!"

प्रत्यक्षात बारक्या एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत राहायचा. शर्ट चढवताना त्याला एक हात खिडकीबाहेर काढावा लागे. तरी शहर त्याला मनापासून आवडायचं. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले की त्यातला एखादा खास आपल्यासाठी लागलाय, असं त्याला उगाचच वाटायचं आणि खोलीचा विसर पडायचा.

आत्याने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. तिचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि गुडघे आता कुरकुरायला लागले होते. एके दिवशी तिने फर्मान काढलं. "बुधवारी येते. तुझं घर बघते. सांगतोस तसं असेल तर सुखाने राहा. नसेल तर बॅग भरायची, माझ्याबरोबर यायचं आणि दुकानावर बसायचं."

बारक्या आधी घाबरला. पण वार बुधवार आहे हे लक्षात येताच सावरलाही. बारक्या एका बिल्डरकडे गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवायच्या नोकरीत होता. अर्धवट बांधलेल्या इमारतीत एकच फ्लॅट सजवून ठेवलेला होता, सॅम्पल म्हणून. बुधवारी ऑफिस बंद असायचं आणि फ्लॅटची किल्ली बारक्याच्या खिशात असायची.

सॅम्पल फ्लॅटची एक गंमत असते. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून सामान मुद्दाम लहान बनवलेलं असतं. टीव्ही पुठ्ठ्याचा, फळं प्लॅस्टिकची आणि नळ नुसते भिंतीला बसवलेले. बारक्याला हे सगळं तोंडपाठ होतं. पण गिऱ्हाईक घर बघतं आणि पाहुणा घर वापरतो, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती.

आत्या आली. दारातच थबकली. तिचे डोळे भरून आले.

"बारक्या, हे सगळं तुझं?"

"आपलं, आत्या. आपलं!"

मग आत्या सोफ्यावर बसली आणि तिचे गुडघे हनुवटीला लागले. पलंगावर आडवी झाली तर पाय बाहेर लोंबकळायला लागले.

"पलंग आखूड आहे रे."

"शहरात माणसं पाय दुमडूनच झोपतात, आत्या. नवीन पद्धत आहे."

"बरं. आणि नळाला पाणी नाही?"

"सकाळी येतं."

"टीव्ही लाव की."

"त्यालाही बुधवारी सुट्टी असते."

आत्याने टोपलीतलं सफरचंद उचलून चावलं. बराच वेळ चावलं. "कच्चं आहे," ती म्हणाली.

"शहरात असंच मिळतं. पण टिकतं फार!"

एवढ्यात आत्याला तहान लागली. बारक्या तांब्या घेऊन खाली वॉचमनच्या नळाकडे पळाला आणि नेमका तेव्हाच घोटाळा झाला. बिल्डरसाहेब सुट्टीच्या दिवशी एका खास जोडप्याला घेऊन आले. नवरा डॉक्टर, बायको त्याहून चिकित्सक. कित्येक महिने दोघं फ्लॅट बघत होते आणि दरवेळी "विचार करून सांगतो" म्हणून निघून जात होते.

बारक्या तांब्या भरून दारापर्यंत आला आणि आतला आवाज ऐकून तिथेच खिळला.

"अहो बाई, दुसऱ्याच्या घरातली कपाटं उघडतात का?" आत्या डॉक्टरीणबाईंना विचारत होती.

"आजी, तुम्ही कोण?" साहेब चाचरत म्हणाले. "हा फ्लॅट विकायचा आहे."

"विकायचा? मी जिवंत असताना? माझ्या भाच्याचं घर आहे हे. पोराने रक्ताचं पाणी करून घेतलंय."

डॉक्टर साहेबांकडे वळले. "म्हणजे हा गेला? आणि आम्हाला सांगितलंही नाहीत?"

"आजी, द्या ना आम्हाला," बाई काकुळतीला आल्या. "आमचं मन बसलंय इथे."

"मग उठवा," आत्या म्हणाली आणि पलंगावर मांडी घालून बसली. "मी हलणार नाही."

"बघितलंस?" डॉक्टर बायकोला म्हणाले. "लोक जीव टाकतात या घरावर आणि आपण आपले विचार करत बसलोय. साहेब, वर असाच एखादा आहे का?"

सगळी इमारत रिकामी होती. पण साहेब मुरलेले होते. "एकच उरलाय," ते जड आवाजात म्हणाले.

जोडपं तिथल्या तिथे फ्लॅट बुक करून गेलं. मग साहेबांची नजर दारातल्या बारक्यावर गेली. लपायच्या घाईत बारक्याच्या हातातला तांब्या निम्मा सांडला आणि उरलेल्या पाण्याबरोबर सगळं खरं बाहेर आलं. साहेब बुकिंगचे कागद घेऊन निघून गेले. आत्याने पिशवी उचलली.

"जिथे राहतोस तिथे चल."

लॉन्ड्रीवरच्या खोलीत ती खिडकीशी उभी राहिली. खाली माणसांची रीघ लागली होती. बारक्या मुकाट्याने बॅग भरत होता. रडू येऊ नये म्हणून मोजे पुन्हा पुन्हा घडी करत होता.

"यातलं कुणी ओळखीचं नाही?" आत्याने विचारलं.

"नाही."

"म्हणजे गुडघे कसे आहेत, असं कुणी विचारणार नाही?"

"इथे कुणाला वेळ नसतो, आत्या."

आत्याचा चेहरा एकदम उजळला. गावात पंक्चर काढायला येणारा प्रत्येक माणूस तिला गुडघ्यांवर उपाय सांगून जायचा. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. बारक्याची नोकरी शाबूत होती. एकच अट होती, आत्याने रोज सॅम्पल फ्लॅटमध्ये बसायचं आणि गिऱ्हाइकांना नाही म्हणायचं.

आता इमारत भराभर विकली जातेय. आत्या नटूनथटून कामावर जाते आणि परत येऊन बारक्याच्या खाटेवर झोपते. बारक्या टेबलाखाली झोपतो, त्याचे पाय जिन्यात असतात. परवा त्याने न राहवून विषय काढलाच.

"आत्या, मी काय म्हणतो, दुकानावर बसायला मी तयार आहे."

"दुकान कधीच दुसऱ्याला चालवायला दिलं," आत्या कूस बदलत म्हणाली. "पाय आत घे, दार लावायचंय. शहरात माणसं दुमडूनच झोपतात म्हणे."