फरशीवाल्याचा अंगठा

मुलांनो, उजवा अंगठा जरा उजेडात धरा. दिसल्या बारीक रेघा? आता अशी कल्पना करा की तुम्ही एका कचेरीत गेलात आणि तिथलं यंत्र म्हणालं, या माणसाला रेघा नाहीत, तेव्हा हा कोणीच नाही. तुम्ही काय केलं असतं? खिळाने काय केलं, त्याची ही गोष्ट.

खिळा नऊ वर्षांची मुलगी. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं, कारण एखाद्या गोष्टीत एकदा रुतली की ती पकडीनेसुद्धा निघत नसे. बाबा फरशा बसवत. या देशात येऊन त्यांना सात वर्षं झाली होती आणि आता आई, बाबा आणि खिळा अशा तिघांना इथलं नागरिक व्हायचं होतं. ते काही दार वाजवलं आणि आत गेलं इतकं सोपं नसतं. आधी इतकी वर्षं राहून दाखवायचं, कामधंदा दाखवायचा, पोलिसांच्या वहीत आपलं नाव नाही हे दाखवायचं, मग इथल्या भाषेची आणि कायद्याची परीक्षा. बाबांचा अभ्यास खिळानेच घेतला. कायदे कोण करतं हे चुकलं की ती त्यांच्याकडून दहा वेळा वदवून घेई. बाबा पास झाले. आता राहिले होते फक्त अंगठ्याचे ठसे. तिघांचा अर्ज एकच होता. ठशांची मुदत आज पाच वाजता संपत होती. एकाचा जरी ठसा राहिला, तरी अर्ज बंद आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

बाबांच्या अंगठ्यावरच्या रेघा मात्र सिमेंट आणि दगडाने खाऊन टाकल्या होत्या. मागच्या महिन्यात यंत्राने त्यांना एकदा परत पाठवलं होतं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे कशाला हात लावू नका, रेघा परत येतील. आई कपडे शिवायच्या दुकानात कामाला होती. तिने त्याच रात्री मऊ हातमोजे शिवले आणि बाबांना खुर्चीत बसवलं.

"अगं, नळ गळतोय."

"गळू दे."

"आवाज ऐकवत नाही."

"मग कान झाका. हात रिकामेच आहेत."

एकविसाव्या दिवशी आईने मोजे काढून अंगठा खिडकीत नेऊन पाहिला. रेघा अगदी नव्या वहीसारख्या आल्या होत्या.

बाबांना मोजे पुन्हा चढवून तिघं त्याच दुपारी तीन वाजता कचेरीत पोचली. व्हरांड्यात एक फरशी उखडून भिंतीला टेकवली होती. शेजारी कालवलेल्या सिमेंटची बादली, थापी आणि घासायचा दगड. दुरुस्तीवाला चहाला गेला होता. येणारा प्रत्येक जण त्या खड्ड्यात अडखळत होता.

"बाबा, तिकडे बघू नका," खिळा म्हणाली.

"नाही बघत," बाबा तिकडेच बघत म्हणाले.

आई आणि खिळा ठसे द्यायला आत गेल्या. पंधरा मिनिटांनी परत आल्या तेव्हा खड्डा नव्हता. फरशी आरशासारखी सपाट बसली होती आणि बाबांचे मोजे खिशात होते.

"अहो, हे काय केलंत?"

"एक म्हातारी पडता पडता वाचली गं. शिवाय त्या शहाण्याने फरशी मोठी कापली होती. कोर घासावी लागली."

"कशाने?"

बाबांनी अंगठा पाठीमागे लपवला.

काचेपलीकडे ठसेबाई बसल्या होत्या. हे नाव खिळाने ठेवलेलं. बाबांनी अंगठा टेकवला. लाल दिवा. हात धुऊन या म्हणाल्या. लाल दिवा. आईने पर्समधलं क्रीम चोळलं. आता अंगठा काचेवरून असा सटकला की यंत्रच बंद पडलं.

"वरच्या मजल्यावर आमचे डॉक्टर आहेत," ठसेबाई काच पुसत म्हणाल्या. "ठसा उमटत नाही असा त्यांचा दाखला आणा."

वरच्या मजल्याच्या दारावर रखवालदार होता. "अंगठा लावा, दार उघडेल."

"तो उमटत नाही म्हणून तर वर जायचंय," बाबा म्हणाले.

"मग दाखला आणा."

"तो वर मिळतो."

"मग अंगठा लावा," रखवालदार शांतपणे म्हणाला. त्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

ते परत काचेपाशी आले तेव्हा साडेचार झाले होते. ठसेबाईंनी एक कोरा कागद सरकवला. "चूक तुमची आहे, अंगठा तुम्हीच घासून घेतलात. माफीचा अर्ज लिहून द्या. पुढच्या फेरीत बघू."

सात वर्षं बाबा प्रत्येक खिडकीपाशी मान वाकवून 'हो बाई' म्हणत आले होते. आज त्यांनी कागद परत सरकवला.

"माफी कशाची? तुमच्या दारात माणसं पडत होती. मी फरशी बसवली. तुमचा देश असल्याच फरशांवर उभा आहे. मी नाही लिहिणार."

आई सव्वा तास त्यांच्यावर धुमसत होती. तिने आपली पर्स काचेसमोर ठेवली आणि म्हणाली, "मीही नाही."

खिळा मात्र भिंतीवरचा फलक वाचत होती. "ठसेबाई... म्हणजे बाई, इथे लिहिलंय, ठसा अर्जदाराचाच हवा, याच कचेरीत आणि मुदतीच्या आत उमटलेला हवा. यंत्रावरच हवा असं कुठे लिहिलंय?"

ठसेबाईंनी फलक वाचला. मग पुन्हा वाचला. "नाही लिहिलेलं."

"बाबा, कालवलेला माल तयार झालाय का हे तुम्ही आधी कसं बघता?"

बाबांचे डोळे चमकले. "थोडा माल बाजूला थापतो आणि अंगठा दाबतो. ठसा स्वच्छ उठला की माल तयार."

"आज दाबलात?"

"फरशी घासायच्या आधी."

तिघं धावत व्हरांड्यात आली. दुरुस्तीवाला चहाहून परतला होता. खड्डा कुठे गेला हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो निदान भिंतीकडेला सांडलेलं सिमेंट तरी खरवडायला निघाला होता. खिळाने ठसा उमटलेल्या त्या थापट्याला पाठीशी घालून मांडी ठोकली.

"ए पोरी, ऊठ. वाळलं की निघायचं नाही ते."

"मीही नाही निघायची," खिळा म्हणाली.

गलका ऐकून ठसेबाई दारापर्यंत आल्या. "तो तुकडा खिडकीपाशी आणा."

"निघत नाही हो," बाबा जरा अभिमानानेच म्हणाले. "पक्का बसलाय."

पाचाला दहा मिनिटं कमी होती. ठसेबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, मग भिंग हातात घेऊन त्या थेट नव्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या. सात वर्षांत पहिल्यांदा बाबा ताठ उभे होते आणि कचेरी खाली वाकली होती. सिमेंटात एकेक रेघ मोजून घ्यावी इतकी स्पष्ट होती. त्यांनी फोटो काढला, तो छापून मागे तारीख घातली आणि पाचाला तीन कमी असताना अर्जावर शिक्का मारला.

"फरशी मात्र चांगली बसलीय," उठताना त्या म्हणाल्या.

मग रखवालदाराने त्या थापट्याभोवती दोरी बांधली आणि पाटी लावली: 'सरकारी नोंद. हात लावू नये.' खिळाने ती पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत नीट वाचली. अंगठा लावू नये असं तिच्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. घरात वाचायला तिच्याइतकं पटाईत कोणी नव्हतं. मग ती दोरीखालून आत गेली, बादलीतला बोटभर ओला माल बाबांच्या ठशाशेजारी थापला, आणि आपला अंगठा त्यात शांतपणे दाबून धरला.